पाच कमानींचा पूल आणि आबाची काठी

पूल सुंदर होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते काम संपलं. कारखान्याच्या फाटकावर, भोसरीच्या चहाच्या हॉटेलात, एसटीच्या रांगेत, मी दिसलो की कोणीतरी विचारतंच, "काय राव, जपान बघून आलात म्हणे, तो लाकडाचा पूल कसा होता?" तर होता सुंदर. नदीवर एकापुढे एक पाच लाकडी कमानी, दगडी खांबांवर टेकलेल्या. खाली तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी, मागे हिरवा डोंगर. झालं समाधान? आता त्या पुलाचं नाव काढलं की माझं डोकं का फिरतं, ते ऐका.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. पिंपरीच्या नव्या कारखान्यात पाळीवर जातो, आणि पाळी सुटली की संघटनेचं काम करतो. कुठे मजुरांना पाणी नाही, कुठे मुकादम शिव्या देतो, कुठे गावकी अजून वेठीला धरते, त्यावर चार ओळी लिहायच्या, छापून आणायच्या आणि वाटायच्या. गोड लिहायला मला कोणी शिकवलं नाही आणि मी कोणाला विचारलंही नाही.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे, ओढ्याच्या काठावर. ओढ्यावर दगडी पूल आहे, जुना, दोन कमानींचा. पुलापलीकडे भैरोबाचं देऊळ. चैत्रात जत्रा भरते तेव्हा देवाची पालखी गावातून फिरते आणि पूल ओलांडून देवळात परत जाते. पालखीच्या पुढे घुंगरकाठी घेऊन चालायचं काम महारवाड्यातल्या आमच्या घराकडे. आज्याने केलं, पणज्याने केलं, आता आबा करतो. आबा म्हणजे माझा बाप.

उंच काठी, तिच्या टोकाला घुंगरांचा झुबका. ती जमिनीवर आपटत, "वाट सोडा, वाट सोडा" असं ओरडत आबा सगळ्यांच्या पुढे चालतो. मागे ढोल, मागे पालखी, मागे पाटील आणि गाव. असं सगळं पुलापर्यंत येतं. तिथे पालखी थांबते. का थांबते? तर आबाला खाली उतरायचं असतं म्हणून. त्याने पुलावर पाय ठेवायचा नाही. धोतर वर खोचून तो ओढ्यात उतरतो, पोटरीएवढ्या पाण्यातून पलीकडे जातो, काठावर चढतो, देवळाच्या आवारापासून लांब उभा राहतो आणि काठी आपटतो. पलीकडून घुंगरं ऐकू आली की मग पालखी पुलावर चढते. गावाला वाट मोकळी करून देणाऱ्या माणसाला स्वतःला वाट नाही. लहानपणापासून मी हे बघत आलो. देश स्वतंत्र झाला, घटना झाली, कायदा झाला. आता आबाला पुलावर अडवायची कोणाची छाती नव्हती. कोणी अडवतही नव्हतं. आबाच उतरत होता.

जपानला गेलो त्या वर्षी मी पत्रक काढलं होतं. 'काठी नव्हे, बेडी'. चावडीच्या भिंतीवर मी स्वतः खळ लावून चिकटवलं. आणि त्याच सुमारास संघटनेतल्या ज्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्याला मे दिनाच्या परिषदेसाठी जपानला पाठवायचं होतं, त्याला पासपोर्ट मिळाला नाही. रात्रशाळेत शिकलेलं मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, म्हणून माझं नाव लागलं. जत्रा नेमकी मी तिकडे असताना येत होती. म्हणून निघायच्या आधी घरी गेलो आणि आबाला समोर बसवलं.

"आबा, यंदा काठी धरायची नाही."

"का बरं?"

"लाज वाटते म्हणून."

"तुला वाटती का मला?"

"दोघांनाही वाटली पाहिजे."

"मान हाय त्यो आपला," आबा म्हणाला. "समद्या गावाच्या फुडं चालतो मी. पाटील बी माज्या मागं असतो."

"आणि पुलापाशी?"

आबाने तंबाखू मळली, बार भरला, आणि म्हणाला, "पानी गार असतंय. बरं वाटतं पायाला."

असं बोलल्यावर माणसाने काय करावं? मी ओरडलो. आई चुलीपुढून उठून बाहेर आली आणि मला गप बसवून गेली. शेवटी मी म्हणालो, "शब्द दे. यंदा घरात बसशील."

"तू जपानला चाललायस का पाटलाच्या वाड्यावर? जा की गुमान. तितलं बग, हितलं आमी बगतो."

शब्द दिला नाही. बोटीवर माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. हा माणूस काठी उचलणार का? पाण्यात उतरणार का?

जपानमध्ये परिषद सुरू व्हायला अवकाश होता. यजमानांनी आम्हाला आधी हिरोशिमा दाखवलं. त्याबद्दल मी वेगळं लिहिलं आहे आणि इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की आदल्या दिवशी जळालेल्या माणसांचं इस्पितळ बघितलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणी सहलीला नेऊ नये. त्यांनी नेलं. पाहुण्यांची वाटणी झाली. बाकीचे गोदी बघायला गेले, माझ्या वाट्याला पूल आला. गोदी मागितली तर म्हणाले, आज पुलाचा उत्सव आहे, तुम्ही भाग्यवान.

माझ्याबरोबर एक बाई दिल्या होत्या. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या, चाळिशीच्या, पायात पांढरे मोजे, हातात छत्री. आगगाडीतून उतरलो आणि डोक्यावरून विमान गेलं, इतकं खालून की बाईंचं बोलणं ऐकू येईना. नदीच्या मुखापाशीच परक्या सैन्याचा विमानतळ होता. आमच्याकडे दिघीला लष्कराची हद्द आहे, तारेच्या आत बकरी गेली तरी आरडाओरडा होतो. पण ती हद्द आपल्या लष्कराची. इथे ज्यांनी बाँब टाकला त्यांचीच विमानं डोक्यावर, आणि खाली माणसं चटया अंथरून डबे उघडून बसलेली.

"यांना राग येत नाही का?" मी बाईंना विचारलं.

"येतो," बाई म्हणाल्या. "पण आज सण आहे."

हे उत्तर मला आयुष्यात कोणी देऊ नये.

उत्सव कमिटीचे अध्यक्ष पुलाच्या तोंडाशी उभे होते. गोल चेहरा, काळा झगा, हातात पंखा. त्यांनी वाकून वाकून माझं स्वागत केलं आणि पुलाची कहाणी सुरू केली. पावणेतीनशे वर्षांमागे इथल्या राजाने हा बांधला. काही वर्षांपूर्वी महापुरात वाहून गेला. सरकार म्हणालं सिमेंटचा बांधू, गाव म्हणालं नाही, होता तसाच पाहिजे, लाकडाचा. आणि तसाच बांधून घेतला. मग त्यांनी वर्षाचे सोहळे सांगितले. थंडी सरताना चेरीची फुलं. आम्ही पोचलो तोवर ती गळून गेली होती, त्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली, जणू त्यांनीच हलवून पाडली. मग आजची ही राजाची मिरवणूक. मग उन्हाळ्यात नावांवर मशाली लावून पाणकावळ्यांकडून मासे धरायचे. शरदात डोंगर लाल होतो तो बघायचा. पाणकावळे मला लगेच दाखवले, वेताच्या पिंजऱ्यात बसले होते.

"त्यांच्या गळ्याला दोरी बांधतात," बाई म्हणाल्या. "मोठा मासा गिळता येत नाही. तो मालक काढून घेतो. छोटे मासे मात्र त्यांना मिळतात."

"आमच्याकडे यालाच ओव्हरटाइम म्हणतात," मी म्हणालो. बाईंनी अध्यक्षांना काय सांगितलं कोण जाणे, ते खूप हसले.

मग मी माझा प्रश्न विचारला. तो मला पूल दिसल्यापासूनच विचारायचा होता. "राजाच्या काळात या पुलावरून कोणाला जाता येत होतं?"

बाईंनी ते अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष पंखा हलवत सहज म्हणाले, आणि बाईंनी सांगितलं, "राजा आणि त्याचे तलवारवाले. बाकीच्यांना परवानगी नव्हती."

"बाकीचे कसे जायचे?"

"नावेतून. पाणी कमी असलं तर पाण्यातून."

मी त्या पुलाकडे बघितलं. बघा, इतक्या लांबून समुद्र ओलांडून आलो आणि समोर काय, तर आमचाच ओढा! फक्त रंगवलेला, कमानी वाढवलेला. आणि पोरंबाळं त्याच्यापुढे फोटो काढतायत. मी म्हणालो, "मग हा पूल महापुरात गेला ते बरं झालं. परत कशाला बांधला?" बाईंनी याचं भाषांतर केलं नाही. छत्री उघडली.

खरा तमाशा पुढेच. पुलापाशी मिरवणुकीची माणसं जमली होती. भाले, झेंडे, गवताच्या वहाणा, डोक्याला फडकी. मधे एक पेटी, काळ्या रोगणाची, बाजूला सरकतं दार, वरून आरपार गेलेला जाड दांडा. राजाची पालखी. अध्यक्षांनी माझ्यापुढे वाकून त्या दाराकडे पंखा केला.

"हे काय?" मी विचारलं.

"तुम्ही आत बसायचं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "आज राजा तुम्ही. कमिटीने खास ठरवलं. तुम्ही बुद्धाच्या देशातून आलात ना."

"मी बसणार नाही."

बाई हसल्या, वाकल्या. अध्यक्ष हसले, वाकले. तिकडे आधी नाही म्हणणं ही रीत असते, हे मला मागाहून कळलं. मी पुन्हा नाही म्हणालो. ते आणखी खुश झाले, पाहुणा रीतीभातीचा आहे म्हणून. शेवटी मी ओरडलो, "माणसांच्या खांद्यावर मी बसणार नाही! माझा बाप अशाच पालखीपुढे चालतो आणि त्याला पुलावर पाय ठेवता येत नाही! सांगा यांना!"

बाई पांढऱ्या पडल्या. त्यांनी हळू आवाजात काहीतरी चार शब्द सांगितले.

"नीट सांगा बाई, साखर घालू नका."

"अहो, त्यांची लाज जाईल. सगळं गाव बघतंय."

"जाऊ दे."

तेवढ्यात दांडा उचलणाऱ्या चौघांपैकी एक पुढे आला. ठेंगणा, बैलासारख्या मानेचा, डोक्याला फडकं. तो तिथल्या कृत्रिम रेशमाच्या गिरणीत गठ्ठे उचलायच्या कामावर होता. मला वाटलं, आपला माणूस! हा तरी समजेल. तो बाईंना काहीतरी म्हणाला, आणि बाई, आता रागानेच असेल, जसंच्या तसं सांगू लागल्या.

"हा म्हणतो, माझ्या खांद्याची काळजी या पाहुण्याला कशाला? रोज गिरणीत ओझी उचलतो तेव्हा कोणी आलं नाही परदेशातून."

बाकीचे तिघे हसले.

"त्याला सांगा, गिरणीतलं ओझं पोटासाठी. हे कोणासाठी?"

"हा म्हणतो, गंमत म्हणून. गेल्या साली आत हा स्वतः बसला होता. आणि उचलणाऱ्यांत अध्यक्ष होते. त्यांची पाठ धरली, चार दिवस झोपून होते, सगळ्या गावाला माहीत आहे."

अध्यक्षांनी पंखा तोंडापुढे धरला. आता सगळेच हसत होते.

"म्हणतो, आम्ही चिठ्ठ्या टाकतो. सगळ्या घरांच्या. भाला ज्याच्या नावाने येईल त्याने भाला धरायचा. तो पुढे भाला घेऊन उभा आहे ना, तो बँकेतला साहेब. यंदा राजाची चिठ्ठी बाजूला ठेवली, पाहुण्यासाठी."

"वा!" मी म्हणालो. "म्हणजे वर्षातून एक दिवस राजा व्हायचं आणि बाकीचे दिवस गिरणीत मरायचं. आणि याच्यावर हे खुश!"

तो माणूस माझ्याकडे बघत एवढंच बोलला. बाईंनी ते सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. "म्हणतो, तुमच्याकडे तो एक दिवस तरी येतो का?"

मी बाईंना म्हणालो, "त्याला सांगा, मी उत्तर द्यायला आलेलो नाही." मग म्हणालो, "नको, हे सांगू नका." बाई म्हणाल्या, "सांगितलं."

मी ठरवलं. कोट नीट केला, खादीचाच होता, आणि पुलाकडे निघालो. पेटीत नाही, भाला घेऊन नाही, झेंडा घेऊन नाही. रिकाम्या हाताने, माझ्या कपड्यांत, माझ्या चपला घालून, पुलाच्या बरोबर मधून जायचं. ज्या पुलावर माझ्यासारख्यांना बंदी होती त्यावरून मी सगळ्यांदेखत चालत जाणार. यापेक्षा स्वच्छ निषेध कोणता? एकही शब्द न छापलेलं पत्रकच ते.

कमान चढताना पाय घसरतात, पायऱ्या आखूड आहेत. पहिली कमान चढून उतरलो. मागे ढोल सुरू झाले. वळून बघतो तर सगळी मिरवणूक माझ्यामागे! भालेवाले, झेंडेवाले, आणि ती काळी पेटी. पाहुणा निघाला, म्हणजे मुहूर्त झाला, असं त्यांनी धरलं. माझ्यामागून तो बँकेतला साहेब भाला आपटत लांबलचक ओरडला. त्याचा अर्थ मला बाईंनी सकाळीच सांगितला होता. खाली! खाली! राजा येतोय, खाली बसा!

आणि पलीकडच्या काठावरची माणसं खाली बसली. म्हाताऱ्या, पोरं, फुगेवाले, कडेवर मूल घेतलेल्या बाया, हसत हसत गुडघ्यावर टेकल्या. माझ्यापुढे! मी हात हलवून ओरडलो, "उठा! उठा!" तर त्यांना वाटलं आशीर्वाद देतोय. काहींनी उलट हात हलवले. थांबावं तर मागून भाला येतोय, परत फिरावं तर पूल भरलेला. मी पाचही कमानी तसाच चढलो उतरलो, राजाच्या पालखीपुढचा चोपदार होऊन. पलीकडे पोचलो तेव्हा एका पोरीने माझ्या हातात तांदळाचा गोड गोळा ठेवला. मी तो खाल्ला नाही. वर्तमानपत्राच्या माणसाने फोटो काढला.

परतीच्या गाडीत बाईंनी माझा गावचा पत्ता तेवढा लिहून घेतला.

परिषद आटोपून घरी आलो तेव्हा जत्रा होऊन गेली होती. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं.

"धरलीस?"

"धरली."

"उतरलास?"

"उतरलो. औंदा पानी बी कमी हुतं."

मी त्या दिवशी घरात जेवलो नाही. पिंपरीला निघून आलो.

पावसाळ्यात तो फोटो आला. बाईंनी पाठवला होता, त्यांच्या रीतीप्रमाणे, पत्ता सुंदर अक्षरात काढून. आमच्या गावात टपाल चावडीवर पडतं आणि चावडीवरचं टपाल चावडी आधी उघडते. त्यामुळे फोटो माझ्या हातात यायच्या आधी पाटलाच्या हातात आला. फोटोत मी पुढे, छाती काढून, हात वर केलेला. मागे भाला, मागे पालखी, आणि समोर गुडघ्यावर टेकलेली माणसं.

पुढच्या सुट्टीला गावात पाय ठेवला तर पाटील चावडीच्या ओट्यावरूनच म्हणाला, "या, या पुढारी! हितं बेडी, आन् तितं मोठेपना व्हय?"

"पाटील, ते तसं नव्हतं. मी निषेध करत होतो."

"आसा निषेध आमाला बी शिकवा की राव! मानसं पाया पडत्यात निषेधाला!"

ओटा हसून लोळला. आणि नुसता ओटा नाही. आमच्या आळीतले, ज्यांना मी घरोघर जाऊन पत्रक वाचून दाखवलं होतं, तेही म्हणू लागले, "तू परक्या राजाच्या फुडं चालतुयास, मग आबानं आपल्या भैरोबाच्या फुडं का चालू ने?" एका फोटोने माझं वर्षाचं काम धुऊन नेलं. पाटलाने तर पुढच्या जत्रेला आबाला नवं धोतर द्यायचं कबूल केलं. मान वाढवला!

त्या संध्याकाळी आबा दारात बसून फोटो बघत होता. लांब धरून, जवळ धरून. मी म्हणालो, "फाडून टाक तो."

"ह्यो भालावाला कोन? त्येंचा महार हाय का?"

"नाही. बँकेतला साहेब आहे."

"आन् पेटीत?"

"न्हावी. मी बसलो नाही म्हणून ऐन वेळी त्याला कोंबला."

"न्हावी?" आबाने फोटो मांडीवर ठेवला. "त्यो साहेब न्हाव्याच्या फुडं भाला आपटत चाललाय?"

मी वैतागून सगळं सांगितलं. ती चिठ्ठ्यांची पद्धत, तो गिरणीतला माणूस, अध्यक्षाची धरलेली पाठ. हे सगळं कसं थोतांड आहे, माणसाला एक दिवस खेळवून वर्षभर जुंपायची कशी युक्ती आहे, हे समजावून सांगितलं. चांगलं अर्धं पत्रक होईल एवढं बोललो. आबाचं लक्ष नव्हतं.

"म्हंजी त्येंच्यात पाटलाच्या नावानं बी काठी निगती?"

"निघते."

"आन् त्याला नको आसंल तर?"

"चिठ्ठी निघाली की धरावीच लागते. पण आबा, मुद्दा तो नाही, मुद्दा हा की..."

"व्हय व्हय," आबा म्हणाला, आणि उठून शेरडांना पाला टाकायला गेला.

फाल्गुन सरताना जत्रेची बैठक चावडीवर बसली. ओट्यावर मानकरी, खाली मातीत आमची आळी. मी मुद्दाम ओट्याच्या पायरीवर बसलो होतो, कोणी काही बोललं नाही, नजरा मात्र होत्या. तेल कोणाचं, ढोल कोणाचे, तमाशाची बारी कुठली, असं एकेक ठरत गेलं. शेवटी पाटील म्हणाला, "काठीचं ठरल्यालंच हाय."

खालून आबा बोलला. "औंदा चिठ्ठ्या टाका."

"कशाच्या?"

"काठीच्या. समद्या घरांच्या. पाटील, तुमची बी टाका."

कोणीतरी हसलं. पाटील मात्र हसत नव्हता. "आरं, यडा का खुळा? त्यो तुज्या घराचा मान हाय!"

"व्हय तर. लई पिढ्या एकट्यानंच खाल्ला आमी," आबा म्हणाला. "आता वाटून खाऊ."

ओट्यावरून मग तेली की कोण म्हणाला, "आन् चिठ्ठीत तुजंच नाव निगालं म्हंजी?"

"धरीन की. पर पुलावरनं जाईन. चिठ्ठीचा मानूस पान्यात उतरत न्हाई. जपानात बी न्हाई उतरत. फोटू बगा."

पाटील माझ्याकडे वळला. "हे तू शिकवलंस."

"नाही," मी म्हणालो. "मी काठी मोडा म्हणतो. वाटा नाही म्हणत." आणि हे खरं होतं. तिथे बसून मला पाटलाचा जेवढा राग येत होता तेवढाच आबाचा. माझी पत्रकं सोडून या माणसाने उचललं काय, तर तिकडच्या राजाच्या मिरवणुकीतलं थोतांड!

"चिठ्ठ्या न्हाईत," पाटील म्हणाला.

"मग काठी बी न्हाई," आबा म्हणाला, आणि धोतर झटकून उठला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या आळीला रानातलं काम बंद. गावातल्या दुकानात मीठ मिळेना, बाया चाकणला चालत जाऊ लागल्या. आळी आबावर चिडली, कारण पोटं सगळ्यांची आवळली होती. पाटलाचा माणूस येऊन म्हणाला, काठी तरी द्या, आम्ही कोणीतरी बघतो. आबाने आढ्याची काठी काढून दारात उभी केली. "घिऊन जावा. कोन धरनार त्येचं नाव तेवडं सांगा." माणसाने नाव सांगितलं नाही आणि काठीला हातही लावला नाही. ती दारातच राहिली.

जत्रेच्या दिवशी मी रजा काढून आलो होतो. आबाला म्हणालो, घरात बसू. तो म्हणाला, "का? मी काय चोरी केली?" आम्ही दोघं ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, बाभळीखाली जाऊन बसलो. तिथून पूल सरळ दिसतो.

ढोल वाजत आले. गुलाल आला. पुढे "वाट सोडा" म्हणणारं कोणी नव्हतं, तरी माणसं वाट सोडत होती. पालखी पुलापाशी आली. आणि थांबली.

कोणी थांबा म्हणालं नव्हतं. भोयांचे पायच थांबले. ढोलही थांबले. सगळं गाव पुलाच्या तोंडाशी उभं, आणि सगळ्यांची तोंडं पलीकडच्या काठाकडे, जिथे आबा चढून उभा राहायचा. पलीकडे एक म्हैस चरत होती. पाटलाने आमच्याकडे बघितलं. आबाने तंबाखूची चंची उघडली. भोयांनी खांदे बदलले. कोणीतरी खोकलं. घुंगरं काही वाजेनात.

मग पुजाऱ्याने मागून करवादून काहीतरी म्हटलं, आणि पालखी हलली. पुलावर चढली, पूल ओलांडला, देवळात गेली. ढोल पुन्हा सुरू झाले.

आबा तंबाखू मळायची विसरला होता. तळहात तसाच उघडा.

"गेली की," तो म्हणाला.

"गेली."

"घुंगराबिगर गेली. मग इतकी वर्सं कशापाई थांबत हुती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर माझ्याकडे तयार होतं, मुद्द्यासकट, घोषणेसकट.

"गप," आबा म्हणाला. "पत्रक नको. बगू दे जरा."